आखणीच्या आधीची गोळी

"अजून किती वेळ?" केरूशेटने तिसऱ्यांदा विचारलं.

"गोळी घेतली की पाऊण तास," दिनानाथ म्हणाला. "मग हात थांबतो. मग डोळ्यांची आखणी."

त्याचा उजवा हात मांडीवर थडथडत होता. चहा निम्मा बशीत, निम्मा गोणपाटावर सांडला होता. ज्याने आखलेल्या गणपतीच्या डोळ्यांसाठी माणसं कोलाड-रोह्याहून पेणेत यायची, त्याची ही गत. बघवत नव्हतं. पण केरूशेट बघत होता, कारण त्याच्या मंडळाचा पाच फुटी गणपती रंगून तयार होता, टेम्पो रस्त्यावर उभा होता आणि मूर्तीला अजून डोळे नव्हते.

"गेल्या वर्षी एक डोळा इकडं, एक तिकडं," केरूशेट म्हणाला. "आरतीला पोरं हसली, काका. कारखाना बदला म्हणतात. मी म्हटलं, वीस वर्षांची ओळख हाय, एवढं एक वर्ष बघू. पण औंदा तसंच झालं तर माझ्या हातात काय राहणार नाय."

"व्हय. कळतंय मला."

कळत होतंच. केरूशेट गेला की बाकीची गिऱ्हाइकं जाणार, आणि रामवाडीतला हा कारखाना बंद. साठी उलटलेल्या माणसाने मग करायचं काय? दिनानाथ दमला होता. या दमण्याला आता तीन वर्षं झाली होती.

ठमाबाई, त्याची बायको, कपबशा न्यायला आली. पाय ओढत, सावकाश, उजवा हात पदराखाली. चेहऱ्यावर हसू नाही की राग नाही. पूर्वी हीच बाई गिऱ्हाइकांची फिरकी घ्यायची, सगळा कारखाना हसवायची. नवऱ्याच्या दुखण्याने पार पिचली बिचारी, असं सगळी आळी म्हणायची.

"जेवलात का काकी?"

"गोळीच्या आसपास डाळ-वाल नको म्हणालाय डॉक्टर," ती बोलली. आवाज इतका बारीक की केरूशेटला कान पुढे करावा लागला. "यांना चालत नाय, मग माझ्या घशाखाली कसं उतरंल? रात्री बघू."

केरूशेट मनातून चिडला. तासाभरापूर्वीच त्याने दिनानाथला शेजारच्या काळुरामच्या पडवीत वालाचं बिरडं ओरपताना पाहिलं होतं. बायको उपाशी, आणि या म्हाताऱ्याचे जिभेचे चोचले! अशाने गोळी काय डोंबल लागू पडणार?

"आणि काय हो, पेणेत एवढे डॉक्टर असताना रोह्याला कशाला जाता?" त्याने विचारलं.

"महिन्यातनं एकदा मुंबईचा मेंदूचा डॉक्टर येतो तिथं. आमी दोघंबी जातो. एकट्यानं यष्टी चढवत नाय."

"मग असं करू. आज मी आतच बसतो. माझ्या डोळ्यांदेखत आखा."

दिनानाथचा हात जोरात हलायला लागला. ठमाबाईने मान वर केली नाही.

"नाय," दिनानाथ म्हणाला. "आखणीला तिसरा माणूस चालत नाय. माझ्या बापाची रीत हाय."

"आणि काकी आत असतात त्या?"

"ती रंग-पाणी देते. तिच्याबिगर माझ्यानं होत नाय."

"बरं बाबा, तुमची रीत तुमाला," असं म्हणत केरूशेट उठला, ओट्यावर जाऊन बसला आणि तंबाखू मळू लागला. आतून दार लोटलं गेलं.

कडी लागली आणि दिनानाथचा हात थांबला.

"दिवसभर हालवून खांदा भरून आला गो," तो कुजबुजला. त्याने तांब्यातलं पाणी फुलपात्रात काठोकाठ ओतलं. एक थेंब सांडला नाही. पाकिटातली गोळी काढून त्याने ठमाबाईच्या जिभेवर ठेवली आणि फुलपात्र तिच्या ओठांना लावलं. मग पदराखालचा तिचा थरथरता हात बाहेर काढून आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बसून राहिला. पाऊण तासाने तो हात शांत झाला. दिनानाथने ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि तिच्या बोटांत दिला.

"आज नाय जमलं तर, अवो?"

"तर माझाच हात हालला म्हणू. चाळीस वर्सं डोळे तू आखलेस आनि नाव माझं झालं. आता थरथरबी माझ्याच नावावर जाऊ दे."