सांतियागो, अल मलाझ

सुफियानने शशिकांतच्या वहीत शिक्का मारला आणि दुसरी वही न उघडताच परत सरकवली.

"मॅडम की नहीं मारूँगा, साब. उन्हीं का कायदा है. जो चलके आएगा, उसी को."

कायदा अर्चनाचाच होता, यात वाद नव्हता. स्पेनमधली ती आठशे किलोमीटरची यात्रेची वाट चालायची, गावोगावी वहीत शिक्के घ्यायचे आणि सांतियागोला पोचायचं, हे तिने मनावरच घेतलं होतं. दोघांच्या रजा काही जुळेनात, तेव्हा तिने ती वाट रियाधमधल्या त्यांच्या वस्तीत, अल मलाझमध्येच आणली. ड्युटी संपली की रोज सहा किलोमीटर. किराण्याचं दुकान म्हणजे पाम्पलोना, रोटीची भट्टी बुर्गोस, औषधांचं दुकान लिऑन आणि सुफियानची लाँड्री सांतियागो. टाचेला फोड आले तरी सुट्टी नाही. एकदा गुडघा धरला म्हणून शशिकांत भट्टीपर्यंत टॅक्सीने आला, तर तिने त्या दिवशीचा शिक्का मारू दिला नाही. भेटीची वेळ संपली की पेशंटच्या सख्ख्या भावालाही वॉर्डाबाहेर काढणारी नर्स ती. नवऱ्याला काय सोडते.

शेवटचे सहा किलोमीटर राहिले असताना ती गेली. त्याला आज सव्वीस दिवस झाले. तिच्या वहीत हा एकच शिक्का यायचा होता.

सुफियान सुट्टी संपवून कालच गावाहून परतला होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. शशिकांतने दोन्ही वह्या उचलून घेतल्या. अख्ख्या रियाधमध्ये ज्याच्या लेखी अर्चना अजून यायची होती, असा हा एकच माणूस उरला होता.

"और ये मॅडम का कुर्ता," सुफियानने दांडीवरून हँगर काढून दिला. "महीने से टँगा है."

निळा, कडक इस्त्रीचा. चालायला जाताना ती हाच घालायची. शशिकांतने हँगर घेतला, वह्या खिशात टाकल्या आणि बाहेर पडला. घर समोरच होतं. पण तो वळला आणि पुन्हा किराण्याच्या दुकानाकडे चालू लागला.

हँगर खांद्याइतका वर धरावा लागत होता, नाहीतर कुडता रस्त्यावर लोळला असता. ती उंच होती. हात भरून आला की तो हात बदलत होता. भट्टीपाशी टाचेचा फोड फुटला. औषधांच्या दुकानापाशी मात्र त्याला रडू कोसळलं. पायरीवर बसून तो पोटभर रडला आणि मग नाक पुसून उठला, कारण टप्पा अर्ध्यावर सोडलेला तिला चालत नसे.

लाँड्रीत पोचला तेव्हा सूर्यास्ताची, मगरिबची अजान होऊन गेली होती. मोजा टाचेला चिकटला होता. त्याने कुडता काउंटरवर आडवा ठेवला, बाह्या सरळ केल्या आणि शेजारी तिची वही ठेवली.

"चलके आयी है," तो म्हणाला. "पूरा छह किलोमीटर."

सुफियानने कुडत्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. हातातली इस्त्री उभी करून ठेवली. त्याने वही उघडली, शिक्का टेकवला आणि बराच वेळ तसाच दाबून धरला.