पुढचा डाव

दुधावरचं झाकण थडथडलं, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, की आतल्या खोलीतला गोळीबार थांबलाय.

नवरा फौजेतून अचानक रजेवर आला होता. का, विचारलं तर, "मिळाली, आलो." फोनवर तिची थट्टा करणाऱ्या, त्याच्याच बंकरमधल्या हणमंतभाऊजींचं नाव काढलं, की उठून जायचा. तिला हे काही सरळ वाटत नव्हतं.

तिने दारातून डोकावलं. लेकीबरोबर तो टीव्हीवर लढाईचा गेम खेळत होता. त्याचा शिपाई पडलेल्या साथीदाराजवळ बसून राहिला होता. आपापल्या घरून खेळणारी गल्लीतली पोरं स्पीकरमधून ओरडत होती, "काका, पळा की! मेलाय तो!"

"ह्याला टाकून नाही जायचं."

"अहो, गेम आहे! पुढच्या डावात येतोय परत!"

गोळ्या सुटल्या. त्याचाही शिपाई कोसळला. "घालवलात ना डाव!" पोरं हसली.

तिने हळूच विचारलं, "हणमंतभाऊजी... बरे आहेत ना?"

तो पडद्याकडेच बघत राहिला. नवा डाव सुरू झाला, सगळे शिपाई उभे राहिले.

"आई," लेक कुजबुजली, "आता सगळे जिवंत झालेत. मग बाबा का रडतायत?"