पदरातले पाच लाडू

"दोन किलो तीळ माह्या हातानं निवडले. साऱ्या आळीनं लाडू खाल्ले, कोणाले शिंक नाही आली. मंग हिलेच काहून?" बायजाबाई बाकावर बसल्या बसल्या पुटपुटत होत्या. शेजारी निरोप मिळताच धावत आलेली त्यांची विहीण कौसल्या, खांद्याला खांदा लावून. तिनं ऐकलं आणि समोरच्या जाळीच्या दाराकडे बघत राहिली.

दाराआड शामला खाटेवर होती. बायजाबाईंची सून, कौसल्येची पोर. लग्नानंतरची पहिली संक्रांत. सासूनं तिला काळी साडी नेसवली, हलव्याचे दागिने घातले आणि आळीतल्या बायकांसमोर हौसेनं स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात तिळाचा लाडू घातला. तो गिळते न गिळते तोच पोरीचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, घशातून शिट्टी वाजायला लागली. सायकलरिक्षा सक्करदऱ्यातल्या घरून दवाखान्यात पोचेस्तोवर नखं निळी.

डॉक्टर बाहेर आले. "सुई लागू पडली. श्वास घेते आहे. पण हे कशानं झालं ते कळलं पाहिजे. पुन्हा झालं तर एवढा वेळ मिळायचा नाही. आधी कधी असं झालं होतं का?"

बायजाबाईंनी विहिणीकडे पाहिलं.

"नाही जी," कौसल्या म्हणाली. आवाज इतका सरळ निघाला की तिचं तिलाच नवल वाटलं.

"मग मला विषाचा संशय लिहावा लागेल. पोलिसांना कळवावं लागेल."

मागोमाग आलेल्या शेजारणी जवळ सरकल्या. मग एकजण हळूच म्हणाली, "सासूनंच घातला नं तोंडात." हळूच म्हणजे, सगळ्यांना ऐकू जाईल एवढं.

बायजाबाईंनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. बोटांना अजून गूळ चिकटला होता. "नको म्हणून राहिली होती बिचारी," त्या म्हणाल्या. "मान हलवत होती. मले वाटलं, लाजते. मीच कोंबला."

कौसल्येनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढून घेतला.

नर्सनं शामलाची साडी गुंडाळून आणून दिली. पदराला गाठ होती. बायजाबाईंनी ती नखानं उकलली. आत पाच लाडू. दुपारी पाच घरी हळदीकुंकवाला नेली होती, तिथले. एकालाही दात लागलेला नव्हता.

"एकबी खाल्ला नाही हिनं. बांधून ठेवले. काहून वं, ईनबाई?"

कौसल्येनं गाठ ओळखली होती. दुहेरी, टोक आत दाबलेलं. लग्नाच्या आदल्या दिवशी तिनंच ती स्वतःच्या पदराला बांधून दाखवली होती, तीन वेळा.

डॉक्टर टेबलाशी जाऊन लिहायला वाकले होते.

"थांबा जी," कौसल्या उठली. "तिले तीळ चालत नाही. सात वर्षांची होती, तवा अशीच निळी पडली होती. अशी पोरगी कोण करून घेईन, म्हणून मीच सांगतलं तिले, सासरी बोलू नको."