कोणती सोय?

खानविलकर सरांनी वैजयंतीने सुचवलेला बदल तिसऱ्यांदा नाकारला. त्यांच्या टीमचा कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम संगणकाच्या भाषेत उतरवणारं सॉफ्टवेअर, तपासताना चूक दिसली की नुसतं बजावायचा, "भाषेची एक जादा सोय चालू करा." कोणती, ते सांगायचा नाही. तिला त्या इशाऱ्यात सोयीचं नाव घालायचं होतं आणि नवी आवृत्ती आजच निघणार होती.

"नाव कशाला? माहीत असतं लोकांना," सर म्हणाले. "नसेल तर मॅन्युअल वाचावं."

"त्यात एकशे तीस सोयी आहेत, सर." तिने एका वैतागलेल्या वापरकर्त्याचा प्रोग्राम त्यांच्यापुढे ठेवला. "तुम्हीच चालू करून दाखवा."

सरांनी हसत एक सोय चालू केली. इशारा हलला नाही. दुसरी केली, तिसरी केली. शेवटी मॅन्युअल उघडलं.

"तुझा बदल घातलेला कंपायलर लाव गं जरा," अर्ध्या तासाने ते पुटपुटले.

"आधी मंजूर करा," वैजयंती म्हणाली.