करटोलीचे वेल

कुंपणावरचा करटोलीचा एक वेल नुसताच फुलायचा. लाडकीने तो कंदासकट उपटला. "वांझोटा मेला! अगदी आमच्या सुनेसारखा," ती सुनिताला ऐकू जाईल असं बोलली.

आठवडाभरात शेजारच्या वेलाचीही फुलं करटोली न धरताच गळू लागली.

"आई, तुम्ही उपटलात तो नर होता," सुनिता हळूच म्हणाली. "त्याला फळ धरत नाही. पण तो जवळ नसला, की मादी वेलाची फुलं अशीच गळतात."

तेवढ्यात सुनिताच्या नवऱ्याला, मनिषला, वेरावळच्या मासेमारी बोटीवर न्यायला तलासरीहून जीप आली. आता तो पुढच्या पावसाळ्यातच परतणार. लग्न झाल्यापासून दरवर्षी लाडकीच त्याला धाडत होती.

सुनेकडे न बघता तिने जीपमध्ये ठेवलेली लेकाची पिशवी उतरवून घेतली.