दोनशे चौदा टिंबं

वडिलांच्या नावाच्या रकान्यात नुसतं टिंब होतं. विद्यापीठाच्या कर्मचारी-यादीत अशी दोनशे चौदा टिंबं सर्व्हर सांभाळणाऱ्या सुमेधाला सापडली. रकाना रिकामा असला की सर्व्हर नोंद घेत नसे. ही कारकुनांनी काढलेली पळवाट.

समोर उद्या रुजू होणारी प्रयोगशाळा सहायक उभी होती. "मॅडम, मला आईने वाढवलंय. तिचं नाव घाला, टिंब नको."

"नोंदीशिवाय रुजू नाही होता येणार गं."

"मग नाही होणार."

आईच्या नावाची सोय सहा वर्षं अडली होती. एकतीस कॉलेजांचे एकतीस सर्व्हर. बदल सगळ्यांवर एकदमच करायला हवा; एक जरी मागे राहिला, तर सगळ्यांचं लॉगिन बंद. "चालतंय ना? मग हात लावू नका," तिच्या विभागाचे साहेब म्हणत. हा बदल चाचणीत चारदा जमूनही सुमेधा गप्प राहिली होती.

तिने साहेबांना फोन लावला. "सर, आज हात लावतेय. एकतीसच्या एकतीस सर्व्हरना. आईचं नाव चालेल."