मनस्वीला काय समजतं

मनस्वी नऊ वर्षांची. एका दुर्मिळ जनुकीय आजारामुळे तिला बोलता येत नाही, मान हलवून हो-नाहीसुद्धा सांगता येत नाही. त्यामुळे उलव्याच्या त्या घरात सगळं तिच्यासमोरच बोललं जायचं. दुसरं मूल होऊ द्यायचं का, हिला कर्जतकडच्या एखाद्या संस्थेत ठेवायचं का, सगळंच. तिची आई सुचिता नवऱ्याला, रूपेशला, "पोरीसमोर नको हो" म्हणाली, की सासूबाई म्हणायच्या, "बोलू दे त्याला. तिला काय समजतंय?"

मग खारघरच्या इस्पितळात मनस्वीच्या डोक्यावर तारांची एक मऊ टोपी चढवली. सुई नाही, भूल नाही. तिला नुसती वाक्यं ऐकवली. काही बरोबर, तर काही "आई भाकरी शिवते" अशी मुद्दाम चुकवलेली.

पुढच्या भेटीत डॉक्टरबाईंनी मेंदूचे आलेख समोर ठेवले.

"चुकीचा शब्द आला की हिचा मेंदू दचकतो. हिला भाषा समजते, आपल्याला वाटत होतं त्याहून खूप जास्त. घरी भरपूर बोलत राहा."

सुचिताला रडूच फुटलं. रूपेश मात्र लेकीकडे बघायचं टाळत पुटपुटला, "म्हणजे आतापर्यंतचं सगळं ऐकलं हिनं?"

घरी आल्यावर आजीने नातीची दृष्ट काढली, सोसायटीत पेढे वाटले.



त्या दिवसापासून घरातली सगळी बोलणी आतल्या खोलीत दार लावून होतात, आणि मनस्वी बाहेर एकटीच टीव्हीसमोर बसलेली असते.